आवाजाची आणेवारी

पृथ्वीच्या पाठीवर अशी एकही गोष्ट नाही जिची आणेवारी काढता येत नाही, असं आमच्या हिचे मामा मानतात. राळेगावात त्यांची सगळी नोकरी महसुलाच्या कचेरीत गेली. शेत असो की पीक, अख्ख्याला एक रुपया धरायचा आणि सोळा आण्यांतले ज्याचे त्याला वाटायचे, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी ती सवय सुटली नाही. वरणात मीठ कमी पडलं की "चौदा आणे जमलं" म्हणतात. लग्नात त्यांनी मला बारा आणे दिले होते आणि वागणूक पाहून पुढे वाढवू असं सांगितलं होतं. अजून वाढवलेले नाहीत. हे सगळं ते खणखणीत, शेजारच्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात बोलतात.

निवृत्तीनंतर मामींसाठी साउंड सिस्टिम घ्यायचं त्यांनी ठरवलं. मामींना गाण्याची फार आवड, पण संसारात वाट्याला आला तो खरखरणारा रेडिओ, तोही मामांच्या बातम्यांतून उरेल तेवढा. ही भरपाई करायची म्हणून मामांनी पैसे बाजूला काढले आणि आणेवारीला बसले. स्पीकर आठ आणे, अ‍ॅम्प्लिफायर पाच, प्लेअर दोन, वायरींना एक. "तारले एक आणा बी जास्तच हाय, जावईबापू," ते म्हणाले. सकाळी पुन्हा फोन. "स्पीकरचा एक काढून अ‍ॅम्प्लिफायरले सहा करून राह्यलो. बैलच कमजोर असला त बंडी मोठी घेऊन काय करता?" मग कुणीतरी सांगितलं की खोली घुमते. जाड पडद्यांना दोन आणे दिले आणि रुपयाची बेरीज सोळाच्या वर गेली. त्या दिवशी मामांना जेवण गेलं नाही.

निवाडा मात्र मामींचा. यवतमाळच्या दुकानात त्यांना खुर्चीवर बसवून स्पीकरच्या दोन जोड्या आळीपाळीने वाजवायच्या, त्याही अगदी हळू, कारण खरा गुण हळू आवाजात कळतो असं मामांनी कुठेतरी वाचलं होतं. "सांग, कोणता बरा?" मामी हसून म्हणायच्या, "दोन्ही बरे हायेत." मामा हिरमुसायचे. फरक कळत नाही म्हणजे मालच हलका, असं म्हणून घरी येताना स्पीकरचा वाटा वाढवायचे. असं करता करता स्पीकर बारा आण्यांवर गेले आणि अ‍ॅम्प्लिफायर नावापुरता उरला.

गेल्या दिवाळीआधी मीही सोबत होतो. दुकानदाराने एक जोडी बंद केली आणि दुसरीची वायर जोडायला तो मागे वळला. मामींना वाटलं, दुसरी सुरू झाली. त्यांनी डोळे मिटले, मान डोलवली, गुडघ्यावर ताल धरला. "हा लय गोड हाय," त्या म्हणाल्या. दुकानात फक्त पंखा चालू होता. मामा मामींच्या खुर्चीजवळ खाली बसले.

"अवं, काहून नाई सांगितलं?"

मामी ओशाळल्या. "तुमी इतक्या हौसेनं करून राह्यले होते. तुमचं मन कायले मोडू?"

परतीच्या बसमध्ये मामा बाहेरच्या कपाशीकडे पाहत होते. मग म्हणाले, "जावईबापू, आणेवारीच चुकली. कानाले हिस्साच नाई ठेवला."

त्या रुपयातले बारा आणे मामींच्या कानाच्या मशीनला गेले. उरलेल्यात एक लहानसा स्पीकर आला, तो रेडिओशेजारी कपाटावर असतो. मशीन लावल्यावर मामींचं पहिलं वाक्य होतं, "आहो, तुमी एवढ्या जोरानं काहून बोलता?" तेव्हापासून मामा हळू बोलतात. त्यांच्या त्या खणखणीत आवाजावाचून मला कधी कधी चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

परवा गेलो तेव्हा गाणं लागलं होतं. मामी डोळे मिटून ऐकत होत्या आणि मामा स्पीकरकडे पाठ करून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसले होते. मी गमतीने विचारलं, "मामा, आवाजाले किती आणे?"

मामांनी ओठांवर बोट ठेवलं.

"थांबा," ते जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले. "तिले आयकू द्या."