कंडक्टरला सांगून ठेवलं होतं

आमच्या कराडकडं एसटीत बसलं की कंडक्टरला गाव सांगायचं आणि खुशाल डोळे मिटायचे. गाव आलं की तोच हाक मारतो, "मावशी, उतरा." इतकी वर्षं असंच चाललंय. तेव्हा बंगळुरात मुलाच्या घराजवळ, बेळ्ळंदूरला, बसमध्ये चढल्या चढल्या मी हॉस्पिटलच्या स्टॉपचं नाव सांगितलं, "आला की सांग रे बाबा," म्हटलं. तो म्हणाला, "सरी, अम्मा." म्हणजे बरं. झालं, मी निर्धास्त.

धाकट्या बहिणीचं दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं. भेटायची वेळ चार ते पाच. ती फोनवर म्हणाली होती, "माझी वेणी तूच घाल, दुसऱ्या कुणाचा हात नको." मुलगा टॅक्सी बोलवत होता, मीच नको म्हटलं. पिशवीत खोबरेल तेल आणि फणी घेऊन निघाले.

गर्दी अशी की बस जागची हलेना. मध्ये माझा डोळा लागला. उठले तर सगळे उतरत होते आणि बाहेर मार्केटचा गलका.

"अम्मा, लास्ट स्टॉप."

"अरे, तुला सांगितलं होतं ना मी?"

"अनाउन्समेंट हुआ ना अम्मा. सुना नहीं?"

बसच्या भोंग्यातली बाई स्टॉपची नावं बसभर कानडीत सांगत होती खरी. पण मी माणसाला सांगितलं होतं, भोंग्याला नाही. संतापाच्या भरात मी त्याला अस्सल मराठीत झाडलं. तो शांतपणे ड्रायव्हरशी बोलत राहिला. शेजारची बाई निपाणीकडची निघाली. ती म्हणाली, "मावशी, तो कंडक्टर आहे, तुमचा जावई नव्हे. इथं ज्यानं त्यानं आपलं बघायचं."

"म्हाताऱ्या माणसाला 'सरी' म्हणायचं आणि विसरायचं, हे बघणं होय?" मी म्हटलं. तिनं मात्र हाताला धरून मला परतीच्या बसपाशी नेलं. ती बसही मेली हॉस्पिटलचा स्टॉप सोडून पुढंच उभी राहिली. गुडघे धरून पळाले.

पोचले तेव्हा सव्वापाच. वॉचमननं काठी आडवी धरली. त्याला तेल दाखवलं, फणी दाखवली. तो "नाळे, नाळे" म्हणत राहिला. उद्या ये म्हणे. उद्या तिला सकाळी सातलाच ऑपरेशनला आत नेणार होते.

खालूनच फोन लावला.

"नर्सनं घातली गं," बहीण म्हणाली. "घट्ट घातलीय, कपाळ ओढतंय. तू होतीस कुठं?"

"बसमध्ये."

"झोपली असशील," ती म्हणाली.

खरंच होतं ते. म्हणून तर जास्त राग आला. "तसं काही नाही, ट्रॅफिक होतं," म्हटलं आणि वॉचमनसमोरच्या बाकड्यावर बसले. म्हटलं, सकाळी ती आत जायच्या आधी हा दार कसं उघडत नाही ते बघतेच. मुलगा न्यायला आला तेव्हा त्यालाही हेच सांगितलं.