कधीही घरी न गेलेली पुस्तकं

जयपुरात मी काय काम करते हे सांगायला लागले की माहेरची माणसं जांभया देतात. शहरातल्या काही जुन्या वाचनालयांचे कॅटलॉग एकत्र जोडायचे होते, आणि त्यातल्या कुठल्याही वाचनालयाला एकाच पद्धतीने प्रश्न विचारता यावा म्हणून क्वेरी लिहायचे नियम ठरवायचे होते. नोंदी ठेवायची प्रत्येकाची तऱ्हा निराळी. कुणी आडनाव आधी लिहिणार, कुणी नाव. कुणी वर्ष म्हणून छपाईचं वर्ष टाकणार, कुणी पुस्तक दारात आलं ते. ‘अमुक लेखक, तमुक सालाआधी’ एवढं विचारायचं ठरवायलाही आमची अख्खी दुपार जायची. मला ते वाद आवडायचे, खोटं कशाला बोलू?

गाडं अडलं ते कोऱ्या रकान्यापाशी. पुस्तक शेवटचं घरी कधी नेलं, याचा एक रकाना असतो. बऱ्याच नोंदींत तो रिकामाच होता. प्रकल्पाचे साहेब म्हणाले, “मॅडमजी, खाली है, मतलब कभी नहीं गई.” मी म्हटलं, असं कसं? कोरा म्हणजे ‘कधीच नाही’ नव्हे, कोरा म्हणजे ‘आपल्याला माहीत नाही’. त्याला वेगळा शब्द ठेवू. तेवढ्या एका शब्दापायी प्रत्येक क्वेरी लांबणार होती, त्यामुळे सगळ्यांना ते नाकापेक्षा मोती जड वाटलं. मी एकटी पडले.

मग चाचणी झाली. ‘कधीही घरी न गेलेली’ पुस्तकं कोणती, असं मी शहरातल्याच सोडाला भागातल्या वाचनालयाच्या कॅटलॉगला विचारलं. अशी पुस्तकं जागा अडवतात म्हणून शहराबाहेर चाकसूच्या गोदामात जाणार होती, आणि तिथे गेलेलं पुस्तक परत आल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. स्क्रीनवर मराठीचं अख्खं कपाट उतरलं.

ते कपाट माझ्या सासूबाई वाचत होत्या. बदली झालेल्या मराठी कुटुंबांनी सामान बांधताना मागे ठेवलेली पुस्तकं ती. आई मूळच्या अमरावतीच्या. सासरे बँकेत होते, ते गेल्यावर त्या आमच्याकडे दुर्गापुऱ्याला आल्या. आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात, आणि नातू आजीला “मतलब क्या?” विचारणारा. म्हणून त्या रोज दुपारी बसने सोडाल्याला जायच्या, खिडकीपाशी बसून वाचायच्या आणि पुस्तक जागेवर ठेवून परत यायच्या. सभासद कधी झाल्याच नाहीत. “घरी आणलं की भांडी दिसतात,” म्हणायच्या. कपाट संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

मी हे मीटिंगमध्ये सांगितलं. एका वाचकासाठी सगळे नियम बदलायचे का, असं साहेबांनी विचारलं. माझं डोकंच फिरलं. पण तोवर विषय पुढे गेला.

संध्याकाळी भाजी निवडताना आईंना सांगितलं. वाटलं, रडतील.

“हात्तिच्या! मग नेते ना घरी. त्यात काय एवढं?”

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून त्यांचं कार्ड काढून दिलं. एका वेळी दोनच पुस्तकं मिळत होती. आईंनी काउंटरवर एक मराठी कादंबरी ठेवली, आणि वर एक जाडजूड पुस्तक ठेवलं.

“आई, हे उर्दू आहे.”

“दिसतंय मला.”

“मग वाचणार कोण?”

“समोर बसतात ना ते मास्तर, त्यांचं आहे. ते तरी कुठे सभासद आहेत? त्यांचंही कपाट नेतील उचलून. आले आणि पुस्तक जागेवर नसलं, तर काय करतील बिचारे?”

मास्तर दिवाळीपासून आले नव्हते. एवढी वर्षं समोरासमोर बसून दोघं ‘आदाब’ आणि ‘नमस्ते’च्या पलीकडे बोलले नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

उन्हाळ्यापर्यंत आईंनी दोन्ही कपाटं अशीच घरून फिरवून नेली. पुढच्या चाचणीत त्यातलं एकही पुस्तक आलं नाही. साहेब खूश झाले, त्यांच्या दृष्टीने सुंठीवाचून खोकला गेला होता. नियम आहे तसाच राहिला. आई अजूनही वाचतात तिथेच, खिडकीपाशी. घरी आणलेली पुस्तकं नुसती फळीवर पडून असतात. उर्दूची मात्र त्या फडक्याने पुसून परत नेतात.

परवा त्यांना वाचनालयात सोडायला गेले तेव्हा मास्तरांची खुर्ची रिकामीच होती. मी म्हटलं, “आई, काउंटरवर विचारू का, मास्तरांचं काय झालं ते?”

“काहून?” आई एकदम चिडल्याच. “काही विचारू नको. माहीत नाही म्हणजे नाहीत, असं थोडंच आहे?”

मी पुस्तकांची पिशवी आईंच्या टेबलावर ठेवली आणि ऑफिसला गेले.