एकवीस वर्षांची बारा

आमच्या साडूंच्या घरात कुठलीही वस्तू आणल्या दिवशी वापरलेली आजवर कुणी पाहिलेली नाही. ती आधी मुरते. हिंदमाताहून शर्टाचं कापड आणलं की ते वर्षभर कपाटात 'बसतं', मग शिंप्याकडे जातं, शिवून आलं की पुन्हा बसतं, आणि साडू तो शर्ट घालतात तेव्हा त्या कॉलरची फॅशन एकदा जाऊन परत आलेली असते. नवा मोबाइल त्यांनी सहा महिने खोक्यात ठेवला होता. रविवारचं वर्तमानपत्र ते बुधवारी वाचतात, कारण तोवर म्हणे बातमीचा फेस खाली बसतो. त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची ताई. ती सांगते की लग्न ठरल्यावर दोघं शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसले असताना तिने धीर करून विचारलं, "मी आवडले का तुम्हाला?" उत्तर लग्नानंतर आलं. "आणि तेही 'हो' नाही," ताई म्हणते, "'हरकत नाही', असं."

हसायला मला अधिकार नाही, कारण या मुरण्याचा सगळ्यात मोठा लाभार्थी मीच आहे. माझं लग्न ठरत होतं तेव्हा माझी नोकरी कंत्राटी होती आणि बोलण्याची पद्धत त्याहून तात्पुरती. सासरे तोंड फिरवून बसले होते. साडू थोरले जावई, त्यांच्या शब्दाला वजन. त्यांनी मला बाजारातल्या कैरीसारखं बराच वेळ न्याहाळलं आणि सासऱ्यांना म्हणाले, "कच्चा आहे. पण वास बरा येतोय. मुरू दे." त्या एका वाक्यावर माझा संसार उभा आहे. अजून किती मुरायचं बाकी आहे, ते बायको अधूनमधून कळवत असते.

साडू मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत, स्वतः बँकेत अधिकारी, आणि आता लालबागला जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरात चौदाव्या मजल्यावर. निवृत्तीच्या बऱ्याच आधी भाच्याने परदेशातून येताना त्यांना एक सिंगल माल्ट आणून दिली. म्हणजे एकाच भट्टीत, नुसत्या जवापासून काढलेली स्कॉच. त्या बाटलीवर मोठ्या अक्षरात बाराचा आकडा होता. ही दारू विकण्याआधी बारा वर्षं मुरवतात हे कळलं, आणि साडूंना आयुष्यात प्रथमच आपल्या विचारांचे लोक भेटले. स्कॉटलंडबद्दल ते तेव्हापासून माहेरच्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलतात.

पिणं म्हणाल तर ते पीत नाहीत. चाखतात. रविवारी दुपारी ताईने तव्यावर सुरमई सोडली की बाहेर तीन छोटे ग्लास मांडले जातात, वयाप्रमाणे ओळीने, बारा, पंधरा आणि अठरा. प्रत्येकात चमचाभर. डोळ्यांच्या औषधाच्या धुतलेल्या बाटलीतून एकेक थेंब पाणी. मग नाक. मग डोळे मिटून लांबलचक शांतता. मग निकाल. "ही बारा वर्षांची. शाळकरी पोर आहे, आल्या आल्या घरातलं सगळं सांगून टाकते. पंधरावाली जरा गप्प, दहावीचं टेन्शन आहे. आणि ही अठरा. हिला मत आहे रे. हिचं ऐकून घ्यायचं." चवींची नावं सगळी मालवणची. एकीत पोटमाळ्यावरचा जुना गूळ, दुसरीत पावसात भिजलेली होडी, आणि एका धुरकट बाटलीत चक्क भाजलेले सोडे, म्हणजे सुकी कोलंबी. त्यावर आतून ताई म्हणाली, "सोडेच हवे होते तर मला सांगायचं होतं. डब्यात आहेत."

माझ्या जिभेला यातलं काही कळत नाही. मी सगळ्याला 'छान' म्हणायचो. "छान ही चव नव्हे," साडू एकदा म्हणाले, "ती पावती झाली." ते मनाला लागल्यामुळे पुढच्या रविवारी मी तिन्ही ग्लासांवर सविस्तर बोललो. पहिल्यात अल्लडपणा, दुसऱ्यात खोली, तिसऱ्यात तर मला काहीतरी आध्यात्मिकही सापडलं. साडूंनी शांतपणे ऐकून घेतलं. तिन्ही ग्लासांत त्यांनी एकच बाटली ओतली होती.

पण एवढं तल्लख नाक असलेल्या या माणसाची एक समजूत मात्र पक्की होती. लोणचं बरणीत मुरतं, तशी ही बाटलीत मुरते. त्यांची मुलगी मनू कॉलेजात गेली त्या वर्षी त्यांनी एक बारा वर्षांची बाटली घेतली आणि सील न फोडता कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली, मनूचं लग्न जमलं की उघडायची म्हणून. शेजारी हळूहळू आणखीही बाटल्या मुरायला आल्या. दर दसऱ्याला मनूच्या बाटलीला झेंडूचं फूल, हळदकुंकू, आणि वयाची नवी चिठ्ठी जुनीवर डकवायची. तेरा, चौदा, पंधरा. यंदा चिठ्ठी एकवीसची होती.

मुरायचं ते लाकडी पिंपात, काचेत गेल्यावर वय थांबतं, हे मी कुठेतरी वाचलं होतं. बायको म्हणाली, "भावोजींना सांगाल तर बघा." मीही सांगितलं नाही. मला काय, मी 'छान' म्हणणारा माणूस.

मग मनूचं जमलं. मुलगा शिवाजी पार्कचा, वडील डॉक्टर, आणि त्यांना या विषयातलं खरोखरचं कळत होतं. साखरपुड्याची बोलणी करायला ते येणार म्हटल्यावर साडूंनी फोनवरच सांगून टाकलं, "माझ्याकडे घरी मुरवलेली एकवीस वर्षांची आहे." डॉक्टर म्हणाले, "मग मीही माझी एकवीसची आणतो. शेजारी शेजारी ठेवून बघू." मनूने मला घाबरून फोन केला. "काका, प्लीज, तुम्ही सांगा ना बाबांना, बाटलीत वय वाढत नाही म्हणून. माझ्या सासरी त्यांचं हसं झालं तर ते परत कधी त्या घरची पायरी चढणार नाहीत. ओळखते मी त्यांना."

मी आदल्या दिवशी गेलो. साडू बाटली मलमलच्या फडक्याने पुसत होते. मी लांबून सुरुवात केली, "भाऊ, लोणचं बरणीत का मुरतं? तर त्यात मीठ..."

"तू लोणच्याचं सोड," ते म्हणाले. "ह्या कपाटात मी एकच गोष्ट पोरीसाठी म्हणून ठेवली. उद्या मला कसलीच घाई करू नकोस."

मी चहा पिऊन परत आलो.

रविवारी डॉक्टरांनी साडूंची बाटली हातात घेतली, फिरवली, एकवीसची चिठ्ठी वाचली. त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या. मनू दारात उभी होती, ओढणीचं टोक मुठीत धरून. डॉक्टर सभ्य माणूस, त्यांनी बाटली अलगद परत टेबलावर ठेवली. साडूंनी सील फोडलं, दोन्ही ओतल्या, थेंब टाकले. आधी डॉक्टरांची हुंगली, मग स्वतःची. परत डॉक्टरांची. परत स्वतःची. तव्यावरची सुरमई करपायला आली तरी ताई हलेना.

"डॉक्टर," शेवटी साडू म्हणाले, "तुमची मोठी आहे. माझी बाराचीच राहिली."

"लाकूड लागतं हो त्याला," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले. "काचेत काही होत नाही."

"म्हणजे ही इतकी वर्षं कपाटात नुसती बसून होती?"

"नुसती कशी? तुमची सोबत होती ना तिला," ताई म्हणाली.

डॉक्टर आधी हसले, मग साडू. डॉक्टरांनी स्वतःची बाटली बाजूला सारली आणि साडूंचा ग्लास उचलून म्हणाले, "आयुष्यात भल्याभल्यांनी मला चुकीची बाटली बरोबर म्हणून पाजली. स्वतःच्या बाटलीचं खरं वय सांगणारा पहिलाच व्याही भेटला. तारीख धरा." मनू आत निघून गेली. तिला रडायचं होतं आणि मेकअप केलेला होता.

मंडळी गेल्यावर साडू गॅलरीत माझ्याशेजारी उभे राहिले. खाली रविवारच्या दुपारची लालबागची वर्दळ चालली होती. "तुका ठाऊक होता," ते म्हणाले. मन हललं की ते मालवणीत शिरतात.

"हो."

"बोललंस नाय."

"मी किती कच्चा आहे, ते तुम्ही तरी सासऱ्यांना सगळं कुठे सांगितलं होतं?"

ते गॅलरीच्या कठड्यावर रेलले. मग म्हणाले, "वास मात्र खरोखर बरा येत होता."

मनूचं लग्न झालं. आता ती पुण्याला असते. वरच्या कप्प्यातल्या बाटल्या ठेवून काही उपयोग नाही हे एकदा कळल्यावर साडू त्या एकामागून एक उघडू लागले आहेत. मंगळवारी, गुरुवारी, मनात येईल तेव्हा फोन करतात, "ये. आज एक उघडतोय." मी ऑफिसात काहीतरी कारण सांगून निघतो. ज्या माणसाने आयुष्यभर कशाचीच घाई केली नाही, त्याची ही घाई मला बघवत नाही, आणि त्यात आपल्याला बोलावतात याचा आनंदही लपत नाही. ते चमचाभर ओततात, थेंब टाकतात आणि विचारतात, "काय वाटतं?" मी हल्ली 'छान' म्हणत नाही. ग्लास नाकाशी धरून नुसता बसून राहतो.

"अजून कळत नाहीये, भाऊ," मी म्हणतो. "थांबा जरा."

ते थांबतात.