केवडागडचे काळे-शहाणे

माझ्या एकुलत्या एका ऐतिहासिक कादंबरीतल्या राणीचे डोळे शहाणेभोर आहेत. तिचे केसही शहाणेभोर आहेत, आणि तिच्या गडावर पावसाळ्यात जे ढग येतात ते शहाणेकुट्ट असतात. ही छपाईतली चूक आहे हे मी आता सांगून टाकते, कारण हिच्यापायी माझ्या मुलीचं लग्न मोडता मोडता राहिलं.

तेव्हा आम्ही बडोद्याच्या समा भागात नव्या सोसायटीत राहत होतो. यांची नोकरी रिफायनरीत, माझी शाळेत. मी इतिहास शिकवायचे. घरोघरी केबल आली होती, दांडिया बाजार या जुन्या मराठी वस्तीतल्या छापखान्यांनी शिशाचे खिळे विकून कॉम्प्युटर बसवले होते, आणि मला कादंबरी लिहायची लहर आली होती.

आता बडोद्यात बसून ऐतिहासिक कादंबरी लिहायची म्हणजे विषय अंगणातच. पण तीच तर अडचण. इथल्या दर दुसऱ्या मराठी घरातले कुणी ना कुणी पणजोबा दरबारात होते. एखाद्या कारकुनाची पगडी वाकडी होती असं लिहावं, तर त्याचा पणतू भाजी घेताना अडवायचा. म्हणून मी शहाणपणा केला. गड काल्पनिक घेतला, केवडागड. राणी काल्पनिक, लढाई काल्पनिक. कारभारीसुद्धा काल्पनिक घेतला, आणि त्याचं नाव ठेवलं रंगोपंत काळे.

हा रंगोपंत माझ्या हातून फारच छान उतरला होता. तो लाच खायचा, शत्रूला खलिते पाठवायचा, छोट्या राजपुत्राच्या दुधात पाणी घालायचा, आणि शेवटी भर लढाईत गडाचा मोठा दरवाजा आतून उघडून द्यायचा.

"अगं, जरा एखादा तरी गुण दे त्याला," हे म्हणाले होते.

"अक्षर चांगलं दिलंय," मी म्हटलं.

पुस्तकाची मुद्रितं वाचून झाली, मुखपृष्ठावर तलवार उपसलेली राणी आली, प्रकाशनाला हॉल ठरला. आणि त्याच आठवड्यात आमची मुग्धा जेवताना म्हणाली, "आई, बाबा, मला एका मुलाशी लग्न करायचंय. तुम्हाला आवडेल. आपल्यातलाच आहे, दांडिया बाजारात राहतो. सौरभ काळे."

यांचा घास हातातच राहिला. "काळे? म्हणजे हिचा तो किल्ला विकणारा?"

"बाबा, तो इंजिनिअर आहे."

"मुलाचं म्हणत नाही मी. आडनावाचं म्हणतोय."

मुग्धानं माझ्याकडे पाहिलं. तिनं कादंबरीचं हस्तलिखित वाचलं होतं. "आई," ती अगदी हळू म्हणाली, "त्याची आई ऐतिहासिक कादंबऱ्याच वाचते. दुसरं काही वाचतच नाही. आणि प्रकाशनाला मी त्या सगळ्यांना बोलावलंय."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी थेट छापखाना गाठला. छापखाना जयेशभाईंचा. माणूस गुजराती, पण जन्म दांडिया बाजारातला, त्यामुळे मराठी वाचायचे भराभर आणि बोलायचेही. समजून घ्यायच्या भानगडीत मात्र पडायचे नाहीत.

"जयेशभाई, घोटाळा झालाय. पुस्तकात सगळीकडे काळे आहे, तिथे दुसरं आडनाव घालायचंय."

"एटलुंज ने? एवढंच? बेन, एका मिनिटाचं काम. तुम्ही नवीन नाव बोला, कॉम्प्युटर शोधेल आणि तोच बदलून टाकेल."

आडनाव कुठलं घालायचं यावर घरी आधीच काथ्याकूट झाला होता. जोशी नको, शेजारी. पाटणकर नको, यांचे साहेब. शिर्के तर माझं माहेर. शहाणे नावाचं मात्र आमच्या ओळखीत कुणीच नव्हतं.

"शहाणे," मी म्हटलं.

जयेशभाईंनी दोन बटणं दाबली. पडद्यावर काहीतरी सर्रकन गेलं. "थई गयुं," ते म्हणाले. "एक वार वाचून बघता, बेन?"

मी ती कादंबरी इतक्या वेळा वाचली होती की राणी मेली तरी मला रडू येईनासं झालं होतं. "नको," मी म्हटलं, "एक नाव तर बदललंय. छापा."

प्रकाशनाच्या संध्याकाळी हॉल बऱ्यापैकी भरला. पुस्तकं थेट छापखान्यातून रिबिनीत बांधून आली होती, त्यामुळे मीही ती उघडली नव्हती. काळे मंडळी दुसऱ्या रांगेत बसली. सौरभ, त्याचे वडील, त्याची आई, म्हणजे काळेकाकू, आणि मधोमध शाल पांघरलेले आजोबा. आजोबांना ऐकू कमी यायचं, डोळ्यांनाही कमी दिसायचं, पण समारंभ म्हटला की ते यायचेच. काळेकाकू ताठ बसल्या होत्या. मी नमस्कार केला, त्यांनी मोजून मापून हसून घेतलं.

पाहुणे म्हणून आम्ही मराठीचे एक निवृत्त प्राध्यापक बोलावले होते. त्यांनी रिबीन सोडली, पहिली प्रत हातात घेतली आणि म्हणाले, "लेखिकेची शैली कळावी म्हणून सुरुवातच वाचून दाखवतो." चष्मा चढवला आणि वाचू लागले.

"केवडागडावर शहाणेकुट्ट ढग दाटून आले होते."

मला वाटलं त्यांचा चष्मा बदलायला झालाय. तेही थबकले. तेच वाक्य त्यांनी परत वाचलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू आनंद पसरत गेला.

"वा. बघा. ढग काळेकुट्ट आहेत असं कुणीही लिहील. पण इथे ढग शहाणे आहेत. त्यांना ठाऊक आहे की गडावर संकट येतंय. याला म्हणतात प्रतिभा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.  शेजारी बसलेल्या यांनी एक प्रत ओढून घेतली, भराभर पानं उलटली आणि माझ्या कानात म्हणाले, "सुनंदा, श्राद्धात शहाणे तीळ आहेत."

प्राध्यापक आता रंगात आले होते. त्यांनी दरबाराचं प्रकरण काढलं. "राणीने आपले शहाणेभोर डोळे कारभाऱ्यावर रोखले आणि ती कडाडली, 'रंगोपंत, तोंड शहाणे कर आणि चालता हो!'" मागून कुणीतरी खुदकन हसलं. प्राध्यापकांना ती दाद वाटली आणि त्यांचा आवाज चढला. "'तुमच्या काळ्यांच्या रक्तातच फितुरी आहे! काळ्यांनी आजवर कुणाच्या मिठाची जाण ठेवलीय?'"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की कॉम्प्युटरनं फक्त 'काळे' शोधलं होतं. 'काळ्यांनी', 'काळ्यांचा', 'काळ्यांच्या' हे सगळे जिथल्या तिथे सुखरूप होते.

हॉलमध्ये एकदम शांतता पसरली. दांडिया बाजारातल्या हॉलमध्ये दुसऱ्या रांगेत कोण बसलंय हे सगळ्यांना माहीत असतं. मुग्धानं डोळे मिटून घेतले. आणि त्या शांततेत, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशा खणखणीत आवाजात आजोबांनी विचारलं, "सूनबाई, आपलं नाव घेतलं का?"

काळेकाकू त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाल्या. आजोबा उठून उभे राहिले. त्यांच्याबरोबर सगळे काळे उठले. वाटेत टेबलावरून काकूंनी एक प्रत उचलली आणि मंडळी निघून गेली. बाहेर शेव-उसळ मांडली होती, तिच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

त्या रात्री उरलेली शेव-उसळ घेऊन आम्ही घरी आलो. मुग्धा एवढंच म्हणाली, "आई, तू कविता का नाही लिहिलीस?"

सकाळी मी आणि हे माफी मागायला काळ्यांकडे गेलो. (बघा, आडनावाचं असंच होतं. 'काळेंकडे' कुणी म्हणत नाही. हे मला आदल्या आठवड्यात सुचायला हवं होतं.) दार काकूंनीच उघडलं. आवाज पार बसला होता.

"या. बसा. पाणी आणते."

"काकू, पाणी राहू दे," मी म्हटलं. "आधी माझं ऐकून घ्या. ते सगळं काल्पनिक आहे. तुमच्या घराण्याशी काही संबंध नाही. नाव बदललं होतं, पण कॉम्प्युटरनं अर्धंच बदललं..."

"अहो, हे त्यांच्या कानावर घालू नका. ते आत जागे आहेत."

"कोण?"

"आमचे सासरे. काल आल्यापासून मला वाचायला बसवलंय. त्यांना स्वतःला वाचता येत नाही ना. चहासुद्धा करू दिला नाही. घसा बसला माझा, पण पुस्तक संपवलं बाई."

"म्हणजे तुम्ही रागावून नाही गेलात?"

"मी रागावले होते," काकू सरळ म्हणाल्या. "पण दुधात पाणी घालतो तिथे आले आणि मला हसूच आवरेना. यांचे चुलते होते ना, ते थेट तस्से. आणि मामंजींचं तर विचारूच नका. आत या, तेच सांगतील."

आजोबा खाटेवर बसले होते. मांडीवर कादंबरी, अंगावर कालचीच शाल. मला बघून त्यांनी हात जोडले.

"बाई, फार मोठं काम केलंत. आमच्या घराण्याचा इतिहास कुणी लिहिलाच नव्हता."

मी यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीकडे पाहत होते.

"आजोबा," मी त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हटलं, "तो इतिहास नाही. आणि तो माणूस फितूर आहे हो."

"मग काय झालं? फितूर व्हायला आधी मोठं पद लागतं. ऐऱ्यागैऱ्याला दरवाज्याच्या किल्ल्या देतात होय? आमच्यात नंतर सगळे कारकूनच झाले." त्यांनी बोटानं पुस्तकावर टकटक केलं. "फक्त नाव चुकलंय. रंगोपंत नव्हे, रामचंद्रपंत. माझे खापरपणजोबा. बाकी बरोबर आहे."

"पण आजोबा, पुस्तकात कधी काळे आहे, कधी शहाणे आहे..."

"ते मला कळलं. सूनबाईला नाही कळलं, पण मला कळलं. मूळ आडनाव काळे, आणि शहाणे हा दरबारातून मिळालेला किताब. तुम्ही दोन्ही वापरलेत, ते फार चांगलं केलंत."

मी काहीतरी बोलणार होते. हे माझ्या पायावर पाय देऊन म्हणाले, "हो आजोबा, तिनं मुद्दामच तसं केलंय."

परत बाहेरच्या खोलीत आल्यावर काकूंनी चहा ठेवला. "लग्नाचं आमच्याकडून पक्कं आहे," त्या म्हणाल्या. "मुग्धा आम्हाला आवडलीच आहे. पण एक आहे. मामंजींना केवडागड बघायचाय. सकाळपासून धोशा लावलाय."

"काकू, केवडागड नाहीये."

"मला ठाऊक आहे. इतक्या कादंबऱ्या वाचल्यात मी, मला कळत नाही होय? पण त्यांचं वय बघा. काल कित्येक दिवसांनी पोटभर जेवले. तुम्ही लिहिलाय ना? मग तुम्हीच दाखवा."

माझ्यावर शाळेत बऱ्याच जबाबदाऱ्या पडल्या होत्या, पण किल्ला पैदा करायची ही पहिलीच वेळ. पावागड दाखवून चालणार नव्हतं, बडोद्याच्या माणसाला तो लहानपणापासून पाठ असतो. शेवटी यांनाच आठवलं, छाणी गावाच्या पुढे शेतात एक बंद पडलेली वीटभट्टी आहे. अर्ध्या भिंती पडलेल्या, वर वडाचं रोप उगवलेलं.

"अहो, वीटभट्टी?"

"त्यांना किती दिसतंय? आणि तुझ्या गडापेक्षा बरी आहे. निदान ती आहे."

रविवारी आमच्या मारुतीत पुढे यांच्या शेजारी आजोबा, मागे मी, काकू आणि मुग्धा, असे आम्ही छाणीला निघालो. आजोबांनी टोपी घातली होती. सौरभ स्कूटरवरून मागे येत होता, कारण हसू आलं तर त्याला लांब थांबायचं होतं. शेताच्या बांधावरून आम्ही आजोबांना धरून धरून नेलं. भट्टीपाशी गेल्यावर त्यांनी सगळ्यांचे हात सोडले, काठी टेकत एकटेच पुढे गेले आणि भिंतीवर तळवा ठेवून बराच वेळ उभे राहिले. काकूंनी पदर डोळ्याला लावला. खरं सांगायचं तर मलाही रडू आलं. मी लिहिलेल्या सगळ्या लढाया वाचून कुणाला असं झालं नव्हतं.

"हे दारूगोळ्याचं कोठार," आजोबा म्हणाले. "विटा बघा कशा भाजून निघाल्यात. लढाईत आग लागलेली दिसतेय."

"हो आजोबा."

"तुमच्या पुस्तकात कोठार कुठेच नाही."

"नाही आजोबा."

"आणि दरवाजा पूर्वेला लिहिलाय तुम्ही. इथे तर पश्चिमेला दिसतोय."

 आजोबांनी भिंतीवरून हात काढला, धूळ झटकली आणि माझ्याकडे वळून, शाळेत मी पोरांशी बोलते अगदी त्याच सुरात म्हणाले, "बाई, रागावू नका. पुस्तक चांगलंच आहे. पण लिहिण्याआधी एकदा इथे येऊन बघून जायचं होतंत."