लटारूचे पाय

हां, तर काल चहा संपला तेव्हा आपल्या गोष्टीत लटारू उभाच होता. भामरागडकडच्या आमच्या गावी सभेत हात वर करत नाहीत. ज्याला पटलं नाही तो उभा राहतो, आणि शेवटचा माणूस खाली बसेपर्यंत काही ठरत नाही. त्या दिवशी डोंगरावरचा बांबू कंत्राटदाराला द्यायचा होता. त्यानं बोकडाचं जेवण कबूल केलं होतं, म्हणून सारं गाव पटकन बसलं. मीही बसलो, बोकड कोणाला नको! उभा एकटा लटारू, धानाच्या बांधीतून थेट आलेला, गुडघ्यापर्यंत चिखल. डोंगराचा झरा त्याच्या धानाला पाणी द्यायचा, आमच्याही; बांबू गेला की तो आटणार.

कंत्राटदार डाफरला, "कोणाले विचारून उभा राह्यला रे?"

"पाय माये हायेत," लटारू म्हणाला.

ऊन कललं. शेजारच्या बांधीवाल्या सोमारीबाईनं आंबील आणून दिली, ती त्यानं उभ्याउभ्याच प्यायली. पायावरच्या चिखलाचे पोपडे गळून पडले. शेवटी कंत्राटदारच गेला उठून. बोकडही गेला, त्याची हळहळ मला अजून आहे!

त्या पायांवर लटारू मोठा झाला. सरपंच, आमदार, मग थेट दिल्लीत खासदार. तो प्रचारात फिरायचा तेव्हा त्याच्या बांधीत धानाची रोपं लावायचा रोवणा गावानं केला. सोमारीबाई तर मोहफुलं वेचायची सोडून त्याच्यासाठी गावोगाव उन्हात हिंडली. कोणी विचारलं की सांगायची, "आमचा मानूस बसत नाई."

यंदा दिल्लीत आमच्याच डोंगरावरच्या खाणीचा विषय निघाला. गावातल्या सुनीलच्या मोबाईलभोवती आम्ही सारे दाटीवाटीनं बसलो. लटारू दिसला. पांढराशुभ्र सदरा, मान खाली. "आता उठते बघा!" मी सगळ्यांना सांगत होतो. दुसरे बोलले, बाकं वाजली, खाण मंजूर झाली. आमचा माणूस उठलाच नाही. सुनीलनं मोबाईल खिशात घातला तरी आम्ही तिथंच बसून होतो.

परवा तो गावात आला. पाटलानं सतरंजी टाकली, हार घातला, सभा बसली. सोमारीबाई तेवढी उभी राहिली.

"बस ना बाई," लटारू हसत म्हणाला. "पाय दुखतीन."

"दिल्लीत तू काऊन उभा नाई राह्यला? पाय त तुयेच होते ना?"

लटारूनं गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला.

"विचारलं होतं म्या पक्षाले, बाई. थे नाई म्हणाले."