तारीख नसलेलं तारण

बंगळूरच्या मारतहळ्ळीतल्या आमच्या फेलोशिपमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या मंडळीत, दर रविवारी कुणीतरी उभं राहून साक्ष देतं. प्रभूने आपल्याला कधी आणि कशातून वाचवलं, त्याची, म्हणजे आपल्या तारणाची, ती हकीकत असते. कुणाची दारू सुटलेली असते, कुणाला तापात उजेड दिसलेला असतो, आणि बहुतेकांना तो दिवस तारखेनिशी पाठ असतो. माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. दारूच्या वाटेला मी कधी गेलो नाही आणि उजेडही दिसला तो ट्यूबलाइटचाच. मी नगर जिल्ह्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरातला. दोन महिन्यांचा असताना गावच्या पाळकांनी कपाळावर पाणी घालून माझा बाप्तिस्मा केला. पुढे नोकरीसाठी बंगळूरला आलो, आणि आता दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचा पगार घेतो. स्वभाव मुळातच कोरडा. प्रार्थनेत सगळे रडायला लागले की मी पंख्याकडे बघत बसतो.

फेलोशिपच्या शिकवणीप्रमाणे तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे. कळत्या वयात, स्वतः निर्णय घेऊन, पूर्ण पाण्याखाली जायचं. तेही मी करून चुकलो होतो, एकदा कॉलेजात असताना आणि एकदा बंगळूरला आल्यावर. दोन्ही वेळा कानात पाणी गेलं, बाकी होतो तसाच बाहेर आलो. मी हे आमच्या प्रमुख ब्रदरना प्रामाणिकपणे सांगितलं. ते म्हणाले, "निर्णय मनापासून झाला नसेल. पुन्हा घ्या." होसकोटेजवळच्या एका फार्महाऊसच्या टाक्यात तिसऱ्यांदा बुडायचं ठरलं. बायकोने ऐकलं आणि म्हणाली, "या खेपेला साबणही घेऊन जा."

ती मेथडिस्ट पंथाच्या घरातली. तिच्या मते तारण मिळाल्यावर माणसाने रोज थोडं थोडं पवित्र होत जायचं असतं, एका डुबकीत सगळं उरकत नाही. ऑफिसात माझ्या शेजारी एक मिझो प्रेस्बिटेरियन मुलगी बसते. तिच्या घरची शिकवण अशी की देवाने ज्यांना निवडलं ते जगाच्या आधीपासून ठरलेले आहेत, आणि निवडलेला कधी निसटत नाही. मी विचारलं, आपण निवडलेले आहोत हे कळायचं कसं? ती म्हणाली, आयुष्यात त्याची फळं दिसतात. मी फळं शोधायला बसलो. पण शोधायची सवय दोषांची, त्यामुळे सापडले तेही दोषच. हे सगळे चांगले लोक होते आणि प्रत्येकाने मला शेवटी माझ्याच आत बघायला लावलं. तिथे तर काहीच दिसत नव्हतं.

अशात ऑफिसचा जिना चढताना छातीत कळ आली. डॉक्टरांनी बायपास सांगितली आणि थांबायला वेळ नाही असंही सांगितलं. होसकोटे राहिलं. मला मरणाची भीती वाटत होती, ते लपवण्यात अर्थ नाही. पण त्याहून मोठी भीती अशी होती की मी समोर जाऊन उभा राहीन आणि प्रभू म्हणेल, हा कोण? मुलांना शेजारी सोडून बायको दिवसभर माझ्याजवळ बसे. तिला मी यातलं काही बोललो नाही, कारण तिच्यापुढे काळज्या कमी नव्हत्या.

हॉस्पिटलच्या खोलीत दुसऱ्या कॉटवर तंगराज अण्णा होते. तमिळ माणूस, जन्म बंगळूरचा, पिढ्यान्‌पिढ्यांचे ल्यूथरन पंथाचे ख्रिस्ती. त्यांचं ऑपरेशन होऊन गेलं होतं आणि त्या सकाळी त्यांना घरी सोडायचं होतं, पण हलका ताप आला म्हणून डॉक्टरांनी आणखी एक दिवस ठेवून घेतलं. त्यामुळे स्वारी वैतागली होती. गप्पांच्या ओघात मी त्यांना आमच्या रीतीप्रमाणे विचारलं, तुमचं तारण कधी झालं? ते माझ्याकडे बघतच राहिले. "गोत्तिल्ल सार," ते म्हणाले, "मला काय ठाऊक? मी आईच्या मांडीवर होतो." वर असंही म्हणाले की संध्याकाळी आमचे अय्यर येतील, त्यांना विचारा. अय्यर म्हणजे तमिळ ब्राह्मण, एवढंच मला ठाऊक, म्हणून मी चक्रावलो. त्यांच्यात पाळकालाच अय्यर म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

अय्यर आले. किरकोळ शरीराचे, घाम पुसत आलेले, कारण लिफ्ट बंद होती. तंगराज अण्णांसाठी प्रार्थना करून झाल्यावर माझ्याकडे वळले. हिंदी आणि कन्नड मिसळून बोलत होते, मी ते माझ्या मराठीत सांगतो.

"बाप्तिस्मा झालाय?"

"दोन झालेत, तिसरा ठरला होता. लहानपणीचा धरला तर तीन आणि तो चौथा."

"लहानपणीचाच धरायचा," ते म्हणाले. "बाकीच्या अंघोळी."

तंगराज अण्णा छातीचे टाके दाबून हसले. बायकोही हसली, किती दिवसांनी कोण जाणे. मग मी त्यांना सगळं सांगून टाकलं. मला काही वाटत नाही, निर्णय पक्का झाला की नाही कळत नाही, निवडलेला आहे की नाही तेही कळत नाही.

अय्यर स्टुलावर बसले. म्हणाले, आमच्या तमिळ मुलखातल्या वैष्णवांत एक जुना वाद आहे, देव माणसाला कसा तारतो याचा. माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरून बसतं, मांजरीचं पिल्लू नुसतं लोंबतं आणि आई त्याला तोंडात धरून नेते. "तुम्हाला माकडाचं पिल्लू व्हायला शिकवलंय, म्हणून तुम्ही सारखे आपली पकड तपासता. देवाने कुणाला निवडलं, ते आपण चाचपायचं नाही. ख्रिस्त सर्वांसाठी मेला, त्यात तुम्ही आलात. आणि पाणी तुमच्या कपाळावर पडलं, शेजाऱ्याच्या नव्हे. ते देवाचं काम होतं. शंका आली की तिकडे बघा, आत बघू नका."

मी म्हणालो, मग बाप्तिस्मा झालेला माणूस कसाही वागला तरी चालेल?

"नाही. मिळालेलं टाकून देता येतं, पिल्लू उडी मारू शकतं. पण सुटण्याची इतकी धास्ती घेणारा माणूस उडी मारत नसतो."

काही वाचतात आणि काही का नाही, हेही मी विचारलं. ते म्हणाले, वाचला तर सगळं देवाचं, हरवला तर दोष माणसाचा. या दोन गोष्टींचा मेळ आम्हाला घालता येत नाही आणि आम्ही घालतही नाही. तर्काला धरून बघता उत्तर अपुरं होतं. माझ्यासारख्याला ते खटकायला हवं होतं, पण बरं वाटलं.

तंगराज अण्णांना प्रभुभोजन, म्हणजे येशूने शेवटच्या जेवणात नेमून दिलेला प्रसाद, द्यायचं होतं. अय्यर म्हणाले, आमच्याकडे ही नुसती आठवण नाही, प्रभूचं शरीर खरोखर दिलं जातं. मानत असाल तर घ्या. मी म्हणालो, प्रभूनेच तसं म्हटलंय म्हणून मानतो, पण घेताना काही वाटणार नाही. "काय वाटतं ते मी विचारलं नाही," ते म्हणाले, आणि पातळ पोळीचा तो लहानसा तुकडा माझ्या जिभेवर ठेवला. "तुमच्यासाठी दिलेलं." मला काहीच वाटलं नाही. पण काही वाटतंय का, हे मी पहिल्यांदाच तपासलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला ऑपरेशनसाठी आत नेलं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता झोप येईल, काही करू नका. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की थोड्याच वेळात मला विश्वास ठेवणंही जमणार नाही. प्रार्थना नाही, पश्चात्ताप नाही, प्रभूचं नावसुद्धा नाही. माझ्या तान्हेपणी मी असाच असणार. भीती होतीच, ती गेली असं मी म्हणणार नाही. पण धरून ठेवण्यासारखं हातात काही उरलं नव्हतं, म्हणून मी हात सैल सोडले.

जागा झालो तेव्हा घसा कोरडा पडला होता आणि बायको माझ्या पायाला हात लावून उभी होती. तिचा तो हात, अय्यरांचे बंद लिफ्टमुळे चढलेले जिने, तंगराज अण्णांचा एका दिवसाचा ताप, या सगळ्यांसाठी मी देवाचे आभार मानतो. ताप कुणी धाडला, या वादात मी पडत नाही. एवढंच जाणतो की त्या टेबलावर असताना तारणासाठी मी कणभरही काही केलं नाही. आणि आता मला वाटतं, त्याआधीही माझं काम तेवढंच होतं.