विश्रामच्या नावाचा पुकारा

विश्राम गेल्याचं मला म्हापशाच्या बसमध्ये कळलं. पुढच्या बाकावरचा माणूस शेजाऱ्याला सांगत होता, "धारगळचो ट्रकवालो विश्राम... सकाळीं गेलो मरे!" माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की पुढच्या महिन्यात त्याची कोर्टाची तारीख आहे. इतकी वर्षं आम्हा दोघा मित्रांचं बोलणं तारखेपाशीच येऊन थांबायचं.

गोवा राज्य झालं त्या सुमारास त्यानं बँकेच्या कर्जावर ट्रक घेतला आणि डिचोलीच्या खाणीवर लावला. हप्ते वेळेवर जात होते. तरी बँकेच्या माणसांनी दुसऱ्याच कुणाच्या थकबाकीपायी याचा ट्रक ओढून नेला. विश्रामनं दावा लावला. मग कधी बँकेचा वकील आजारी, कधी न्यायाधीशसाहेब रजेवर... ट्रक हमरस्त्यालगतच्या आवारात गंजत उभा. प्रत्येक तारखेनंतर हा कुंपणाशी जाऊन बघायचा. आधी टायर बसले, मग हौद्यात गवत उगवलं. "निकाल मेळतलो रे, पुण ट्रक मेळचो ना," तो म्हणायचा.

हट्टी तर असा! ग्रामदेवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कोर्टाची पायरी चढायची नाही. नेमकं साक्षीच्या दिवशी पुजाऱ्याकडे सुतक. दुसरा पुजारी येईपर्यंत हा नारळ घेऊन देवळात बसून राहिला. आमचा वकील दुसऱ्या खटल्यात अडकलेला, मी कोर्टाच्या व्हरांड्यात घामाघूम. नाव पुकारलं, कुणी नाही, दावा फेटाळला. तो पुन्हा उभा करण्यात दोन पावसाळे गेले.

"देव काय पळून जात होता?" मी भडकलो.

"देव पळना. पुण ताका सांगिनासतना हांव कोणाच्या बळार उबो रावूं?"

देवाला न सांगता उभं राहायला त्याच्याकडे दुसरं बळच नव्हतं.

तो गेल्यावर महिन्यानं त्याच्या बायकोला, शेवंतीवहिनींना घेऊन मीच कोर्टात गेलो. पट्टेवाल्यानं विश्रामचंच नाव पुकारलं. आमच्या वकिलांनी मृत्यूचं सांगताच बँकेच्या वकिलांनी मुदत मागितली. साहेबांनी पेन उचललं. तोच, आयुष्यात कधी कोर्ट न पाहिलेल्या वहिनी उठल्या.

"सायबा, तो ना. हांव आसां."

तो नाही, पण मी आहे, असं वहिनींनी सांगूनही तारीख पडलीच. वारसांची नावं दाव्यात अजून चढलेली नाहीत. त्यामुळे परवाही पट्टेवाला दारात येऊन विश्रामच्या नावानं मोठ्यानं ओरडला, आणि वहिनी पदर सावरून उभ्या राहिल्या.